मानीबाईचं रडणं

बोरी अरबच्या पलीकडे, दारव्ह्याच्या वाटेला लागून एक तांडा आहे. तिथली मानीबाई राठोड रडण्यात पटाईत होती. यात थट्टा नाही. कोणाची भाकरी चांगली, कोणाची गोधडी चांगली, तसं मानीबाईचं रडणं चांगलं, आणि त्यासाठी तिला तीन तालुक्यांतून बोलावणं यायचं.

बंजारा बायकांचं रडणं म्हणजे आपल्यासारखे चार हुंदके देऊन उरकायचं काम नव्हे. त्याला चाल असते, शब्द असतात. ढावलो म्हणतात त्याला. सासरी निघालेल्या पोरीला तो आलाच पाहिजे. नाही आला तर सासरचे म्हणणार, हिला मायबापाची काही माया नाही. आणि तो लग्नापुरताच नसतो. वर्षा-दोन वर्षांनी भेटलेल्या दोघी आधी एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि रडता रडताच सगळी खबर सांगून टाकतात. कोण गेलं, कोण जन्मलं, कोणाच्या सुनेनं चूल वेगळी मांडली. दोघींचं सांगून झालं की पदरानं डोळे पुसायचे आणि म्हणायचं, "चहा ठेव व." परक्या माणसाला वाटावं, घरात मयत झाली. घरात खरं तर पाहुणी आलेली असते.

मानीबाईचा नवरा हरिसिंग या प्रकाराला कंटाळलेला होता, पण कंटाळ्यातही त्याला अभिमान होता. पाहुण्यांना सांगायचा, "मले वाटलं बायको आनली. मंग समजलं, रडायचा कारखानाच आनला!"

हे सगळं तिनं उचललं थोरल्या बहिणीच्या लग्नात. कोकिळा पंधराची, मानी नऊची. लग्नाआधी महिनाभर रोज दिवस कलला की तांड्यातल्या म्हाताऱ्या कोकिळाला मधे घेऊन बसायच्या आणि तिच्याकडून घोकून घ्यायच्या. कोकिळाला चार ओळींच्या पुढे काही आठवायचं नाही. मानी शेळीच्या पिल्लाला मांडीवर घेऊन कडेला बसायची आणि तिला एकदा ऐकलं की पाठ. निघायच्या दिवशी कोकिळाला बैलाच्या पाठीवर उभं केलं. दोन्ही हात वर करून तिनं माहेरच्या घराला आशीर्वाद द्यायचा होता, आणि नेमकी मधेच ती अडली. सगळा तांडा बघतोय, सासरचे बघताहेत, बैल कान हलवतोय. तेव्हा खालून मानीनं पुढची ओळ दिली. मग त्याच्या पुढची. शेवटी बैलावर कोकिळा नुसती ओठ हलवत होती आणि रडत होती मानी. त्यांची आई, तांड्यात आईला याडी म्हणतात, ती याडी म्हणाली, "एकीचं लगन केलं अन् रडनारी दुसरीच निघाली."

त्यानंतर पन्नास वर्षं कोणतीही नवरी मानीबाईच्या हाताखालून गेल्याशिवाय त्या तांड्यातून बाहेर पडली नाही. लग्नं तेव्हा निवांत असत. माणसं चार चार दिवस हलत नसत, नगारा वाजायचा, म्हाताऱ्या रात्रीच्या भाकरीचे तुकडे गुळाच्या चहात बुडवून खायच्या आणि पुन्हा गळा काढायला ताज्या. आता मंडप संध्याकाळी उभा राहतो आणि सकाळी उतरतो. डीजे असा लावतात की गोठ्यातली म्हैस दूध चोरते. गेल्या साली एका नवरीनं मानीबाईला हात जोडून सांगितलं, "आजी, रडवू नको व, मेकअप जाते." मानीबाई हसून बाजूला झाली. घरी येऊन मात्र ती जेवली नाही. आपली विद्या आपल्या डोळ्यांदेखत निकामी व्हावी, हे दुःख लहान नसतं. ज्याच्यावर आलंय त्यालाच ते कळतं.

मग तिच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलं. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. चौकटीला खांदा आपटायचा, ताटाशेजारची वाटी लवंडायची. हरिसिंग म्हणे, म्हातारपण. डोकं दुखायचं त्याला मानीबाई म्हणे, ऊन. दारव्ह्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी अंजू दोघांचंही न ऐकता आईला यवतमाळला घेऊन गेली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला आणि फोटो पाहून थेट नागपूरला पाठवलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. मानीबाईच्या त्या ग्रंथीवर बोराएवढी गाठ वाढली होती. साधी गाठ, कॅन्सर नव्हे. पण ती डोळ्यांच्या शिरा दाबत होती.

ऑपरेशन झालं नाकातून. नाकाच्या आतल्या वाटेनं दुर्बीण घालून, कवटीच्या तळाचं पातळ हाड कोरून गाठ काढली आणि भोक बुजवलं. बाहेर एक टाका नाही. आठव्या दिवशी मानीबाई घरी आली ती आपल्या पायांनी, वेणीफणी करून. घरी पाठवताना सांगितलं होतं : वाकू नका, जड उचलू नका, नाक शिंकरू नका, कुंथू नका, रडू नका. मानीबाईनं सगळं ध्यानात ठेवलं. शेवटचं मात्र तिला नियम वाटलाच नाही. आजारी माणसाला सगळेच म्हणतात, रडू नका. धीर देतात ते.

तांड्यातल्या बायका भेटायला आल्या. आधी त्यांनी तिचं डोकं तपासलं.

"डोक्शाचं आपरेशन, अन् केसालेही हात नाही लावला?" शेजारची पार्बती म्हणाली. "फसवलं व तुले."

जखम दिसत नाही म्हणजे जखम नाही, असं ठरलं. आणि मग रीतीप्रमाणे गळाभेटी सुरू झाल्या. मरणाच्या दारातून परत आलेली बाई. तिला कोरडं भेटायचं कसं? तीन दिवस घरात रडण्याचा पूर आला होता. मानीबाई प्रत्येकीच्या गळ्यात पडली, कोणाचं ऑपरेशन, कोणाची मेलेली म्हैस, कोणाचा पुण्याला गेलेला लेक, सगळ्यांवर रडली. नाक गळत होतं. रडल्यावर नाक गळणारच. पुढे पाहुण्या आटल्या तरी उजव्या नाकपुडीतून पाणी येत राहिलं, चुलीपाशी वाकलं की जास्तच. घशात खारट-गोडसर चव यायची. मानीबाईला वाटलं, बरीच वर्षं साठलेलं दिसतंय. विसाव्या दिवशी ताप भरला, मान लाकडासारखी कडक झाली, आणि तिला पुन्हा नागपूरला न्यावं लागलं.

ताप उतरायला दहा-बारा दिवस लागले. शुद्धीवर आली तेव्हा कॉटशेजारी डॉक्टर निशिगंधा बसल्या होत्या. वय असेल चाळिशीचं, आवाज शांत, प्रश्न मात्र नेमके.

"आजी, नाकातून पाणी कधीपासून येत होतं?"

"रडली ना मी, बाई."

"किती दिवस रडलात?"

"पाव्हन्या येतच होत्या."

डॉक्टरांनी मान खाली घातली. हसू लपवलं की राग, ते मानीबाईला कळलं नाही. मग त्यांनी नीट समजावलं. मेंदू एका पाण्यात तरंगत असतो. कवटीच्या तळाला बुजवलेलं भोक रडण्याच्या दाबानं उघडलं आणि ते पाणी नाकात उतरलं. पाणी बाहेर येतं हे निम्मं संकट. त्याच वाटेनं जंतू आत जातात हे उरलेलं निम्मं. ताप त्याचाच होता. पुन्हा असं झालं तर माणूस हाती लागेलच असं नाही.

मांडीतला पातळ पडदा काढून भोक पुन्हा बंद केलं. या वेळी मानीबाई रडली नाही, वाकली नाही, खोकलीसुद्धा जपून. तरी दहाव्या दिवशी नाकातून पाण्याचा थेंब आला. रक्तात साखर, वय सहासष्ट; तिची जखम धरतच नव्हती.

तेव्हा डॉक्टरांनी तिसरा रस्ता सांगितला. त्यांच्या रुग्णालयात एक अभ्यास चालू होता. पोटावरची चमचाभर चरबी काढायची. त्या चरबीत मूलपेशी असतात, स्टेम सेल. त्या प्रयोगशाळेत तीन आठवडे वाढवायच्या, एका मऊ पडद्यावर पसरायच्या, आणि ती पट्टी आतून त्या भोकावर बसवायची.

"म्हणजे त्या पेशींचं हाड होते?" अंजूनं विचारलं.

"नाही. त्या शेजारच्या पेशींना कामाला लावतात. जखम लवकर आणि घट्ट भरावी म्हणून."

"इरजन म्हना," मानीबाई उशीवरून म्हणाली.

"जवळपास तसंच, आजी."

"लागंलच?"

"सांगता येत नाही. हे अजून तपासणीत आहे. थोड्याच लोकांवर केलंय, बऱ्याच जणांचं चांगलं झालं, काहींचं नाही. आणि तुम्ही नको म्हणालात तरी आम्ही तुम्हाला सोडणार नाही. दुसरे उपाय करू."

मानीबाईला डॉक्टरांचं खरं बोलणं आवडलं. इरजन कधी कधी लागत नाही, हे दूधदुभतं केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. अंजूनं कागद शब्दन् शब्द वाचले, शाळा तपासायला आलेल्या साहेबानं विचारावेत तसे प्रश्न विचारले, आणि मग मानीबाईनं सही केली. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही. तिचा तिला फार दिमाख.

पेशी वाढत होत्या त्या तीन आठवड्यांत तिकडे केळापूरकडच्या तांड्यात कोकिळाचा नवरा पूनमसिंग वारला. हरिसिंग जाऊन माती देऊन आला, आणि मानीबाईला कोणी काही सांगितलं नाही. पट्टी बसवली, पाच दिवस झाले, नाक कोरडं राहिलं, तेव्हा त्यानं खिडकीकडे बघत सांगितलं. हुंदका पार गळ्याशी आला. मानीबाईनं जीभ टाळूला दाबून धरली आणि दारव्हा ते यवतमाळ एसटीचे सगळे थांबे मनात ओळीनं म्हटले. यवतमाळ येईपर्यंत हुंदका खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मरणाची खबर कोरड्या डोळ्यांनी ऐकली, आणि आपण काहीतरी चोरी करतोय असं तिला वाटत राहिलं.

सहा आठवडे जपायचं होतं. अंजूनं भिंतीवर कागद चिकटवला आणि त्यात 'रडणे' या शब्दाखाली लाल रेघ मारली. हरिसिंगनं दारातच खाट टाकली. भेटायला येणाऱ्या बायकांना तो तिथेच अडवायचा : "दुरून. रडाचं नाही. नाक ओढाचं नाही." बायका ओट्यावर टेकायच्या, "बरी हायस का?" म्हणायच्या, आणि पुढे काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही. पदराशी चाळा करून उठून जायच्या. रडल्याशिवाय बोलायची सवयच नव्हती कोणाला.

"असं वाटते का मीच मेली," मानीबाई अंजूला म्हणाली. "अन् लोक दुरूनच पाहून चालले."

चौथ्या आठवड्यात कोकिळाच्या लेकाचा, रामलालचा फोन आला. हरिसिंगनं स्पीकर लावला होता, त्यामुळे मानीबाईनं सगळं ऐकलं.

"काका, बापू गेले तवापासून याडीच्या डोयात एक थेंब नाही. जेवते, झाडलोट करते, पन रडत नाही. लोक बोलून राह्यले. मावशीकडं पाठवतो. मावशी रडवंल तिले."

यात रामलालचं काही चुकलं नाही. नवरा गेलेली बाई माहेरच्या माणसाच्या गळ्यात पडून मोकळी होते, अशीच रीत. आणि कोकिळाच्या माहेरचं आता उरलं होतं कोण? आई-बाप गेले, दोघे भाऊ गेले. राहिली एक मानी. जुन्या बाया सांगत, न रडलेलं दुःख छातीत धरून बसतं आणि वर्षाच्या आत माणसाला घेऊन जातं. मानीबाईचा त्यावर पूर्ण विश्वास होता. ज्या कामासाठी लोक तिला तीन तालुक्यांतून बोलवायचे, ते काम आज सख्ख्या बहिणीचं निघालं, आणि नेमकी आज ती ते करू शकत नव्हती. रडली तर आपण जाऊ, नाही रडली तर बहीण जाईल, असा तो पेच होता.

दुसऱ्याच दिवशी कोकिळा आली. एसटीतून उतरून, कापडी पिशवी घेऊन, वाळलेली, बहात्तर वर्षांची. अंगणात येऊन तिनं हात पसरले आणि हरिसिंग खाटेवरून उठला.

"बाई, गयात नाही पडाचं."

कोकिळाचे हात तसेच राहिले. आत तीन उशांवर टेकून बसलेली मानीबाई तिच्याकडे बघत होती. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. मानीबाईनं जीभ टाळूला लावली आणि एसटी दारव्ह्याहून सोडली.

"किती दिवस?" कोकिळानं विचारलं.

"पंधरा. मंग तपासनी. पट्टी धरली असंल तं रडता येते," हरिसिंग म्हणाला.

"मंग थांबते मी," कोकिळा म्हणाली, आणि पिशवी खुंटीला लावली.

ते पंधरा दिवस. लग्न झाल्यापासून दोघी बहिणी इतक्या सलग कधी राहिल्या नव्हत्या. एरवी भेट म्हणजे दोन रात्री. त्यातला निम्मा वेळ रडण्यात जायचा. आता रडणं बंद, म्हणून बोलावं लागलं. सुरुवातीला दोघीही अडखळत. मग हळूहळू जुनं निघू लागलं. बापाचे दोन बैल, त्यांच्या गळ्यातल्या घंटा, आजा सांगायचा त्या मिठाच्या गोण्या वाहायच्या गोष्टी. परक्याच्या शेतात कापूस वेचताना बोंडांची केलेली बाहुली. ओढ्याकाठची टेंभुर्णी, तिची पिवळी फळं खाऊन ओठांना पडलेला चीक. याडीच्या काचोळीवरची आरशाची टिकली निखळली की दोघी ती उन्हात धरून कुत्र्याच्या डोळ्यावर कवडसा पाडायच्या. मानीबाईला वाटायचं, हे सगळं हिलाही आठवतं, मग आजवर आपण कधी बोललो कसं नाही?

एका सकाळी कोकिळानं गुळाची गोष्ट काढली. बापाच्या गोणीतला गुळाचा खडा चोरून तिनं मानीच्या वेणीत गुंफला होता.

"अन् तू झोपली! सकाई उठून पाहतो तं मुंग्याची रांग, उंबऱ्यापासून तुया मानेपोतर. याडी म्हने, पोट्टीच्या डोक्शात वारूळ झालं!"

मानीबाईला हसू फुटलं. दाबलं तरी फुटलं, उशी हलेपर्यंत. आणि उजव्या नाकपुडीतून एक थेंब तिच्या हातावर पडला.

कोकिळाचा चेहरा पांढराफटक. मानीबाईनं उशीखालचा पांढरा रुमाल काढून नाकाला लावला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, असं काही झालं तर लगेच फोन करा, आणि रुमाल ठेवा. शेंबूड वाळला की कापड कडक होतं. मेंदूचं पाणी वाळलं तर कापड मऊच राहतं. अंजू शाळेत होती. हरिसिंगनं तिला आणि नागपूरला, दोन्हीकडे फोन लावला. तिकडून सांगितलं, पडून राहा, पुन्हा आलं तर ताबडतोब निघा.

कोकिळानं रुमाल अंगणातल्या दोरीवर घातला आणि समोर उकिडवी बसली. कावळा आला, त्याला हाकललं. शेळी आली, तिला हाकललं. आतून मानीबाई दर दोन मिनिटांनी विचारायची, "वायला का व?"

"तू बोलू नको. वायून राह्यला."

अर्ध्या तासानं कोकिळा रुमाल घेऊन आत आली. तिनं तो बोटांत चुरला. मग मानीबाईच्या हातात दिला. रुमालाच्या मधोमध छोटासा डाग, आणि तिथे कापड पापडासारखं कडक झालं होतं. साधं नाकाचं पाणी. त्या दिवशी कोकिळानं शिरा केला. मानीबाईसाठी बिनसाखरेचा, त्याला शिरा म्हणायचं का, यावर हरिसिंगनं वाद घातला. दुसरा थेंब काही आला नाही.

एवढं सगळं निघालं, पण पूनमसिंगचं नाव कोकिळाच्या तोंडून एकदाही आलं नाही. मानीबाईच्या ते ध्यानात आलं होतं. तिनं मनाशी अर्थ लावला, ते ती माझ्यासाठी राखून ठेवतेय. रोज दुपारी डोळे मिटून मानीबाई त्याच्यासाठी शब्द जुळवत पडायची. मेलेला नवरा ढावल्यात राजाच असतो. दारातली सावली असतो, गोतावळ्याचा आधार असतो. असे शब्द तिच्यापाशी पोतंभर होते.

तपासणीच्या दिवशी तिघी नागपूरला गेल्या. कोकिळाला बाहेर बाकावर बसवून अंजू आईला आत घेऊन गेली. डॉक्टर निशिगंधांनी मानीबाईला खुर्चीत बसवून डोकं गुडघ्यांत घालायला लावलं आणि घड्याळ लावलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच ती वाकत होती. फरशीवरचे ठिपके दिसत होते. एक मिनिट, दोन, पाच. फरशी कोरडी राहिली. मग नाकात दुर्बीण घातली, आणि पडद्यावर अंजूला गुलाबी, ओलसर, सलग कातडी दिसली. भोक कुठे होतं तेही शोधावं लागत होतं.

"पट्टी छान धरली आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आजी. अजून खूप जण बघायचे आहेत. पण तुमचं काम झालं."

"मंग रडू का?"

"रडा. खुशाल रडा. नाक फक्त हळू पुसा."

मानीबाई बाहेर आली. बाकांवर माणसं बसली होती, कोणी डबा खात होतं, पलीकडे नंबर पुकारला जात होता. कोकिळा हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. मानीबाई तिच्याजवळ टेकली.

"परवानगी भेटली, बाई. ये. आता रडू त्याच्यासाठी."

कोकिळा हलली नाही. मानीबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, गळा साफ केला, शब्द तयारच होते. पण खांदा दगडासारखा लागला. इतक्या जणींच्या नवऱ्यांवर रडलेली बाई ती. तिला खांद्याची भाषा कळत होती. तिचा सूर ओठांवरच थांबला. पंधरा दिवस साधं बोलायची सवय लागली होती, म्हणून असेल, तिनं साधंच विचारलं.

"तुले रडू येत नाही का, बाई?"

"नाही येत."

"काहून?"

कोकिळा समोरच्या भिंतीकडे बघत बोलली. चाल नाही, सूर नाही.

"याडी मेली तवा आपल्या बापूनं चिठ्ठी पाठवलती. रामलालच्या बापानं आठ दिवस खिशात ठेवली. कापूस वेचाले बाया भेटत नव्हत्या, म्हनून. नवव्या दिवशी सांगतलं मले, अन् म्हने, आता जाऊन काय करतं? दहाव्या दिवशी आली मी, तू गयात पडली, रडलो आपन. मी रडता रडता म्हनलं, वाट लांब होती व याडी, वाट लांब होती. दुसरं काय म्हनू? ढावल्यात नवऱ्याचं नाव घेता येते का? चाळीस वर्सं झाली. वाट लांब नव्हती, मानी. वाईट मानूस होता असं नाही म्हनत मी. पन मले त्याच्यासाठी नाही रडाचं. मी तुयाकडं रडाले नाही आली. कोनाले तरी हे सांगाचं होतं."

मानीबाईला याडीचा दहावा आठवला. तीच तर होती ती, कोकिळाच्या गळ्यात पडून सगळ्यात मोठ्यानं रडलेली. तांड्यानं वाहवा केली होती. वाट लांब होती, ही ओळ तिनंच उचलून धरून पुढे वाढवली होती, तिला नद्या जोडल्या होत्या, डोंगर जोडले होते.

"पन्नास वर्सं तुया गयात पडून रडली मी," ती म्हणाली, "अन् एकदाही इचारलं नाही तुले."

आणि तिला रडू आलं. पोतंभर शब्दांतला एकही शब्द जवळ आला नाही. चाल लागली नाही. तोंड वाकडं करून, हुंदके देत, साध्या बाईसारखी ती भर दवाखान्यात रडली. डबा खाणारा माणूस घास हातात धरून बघत राहिला. अंजू धावत आली, "आई, हळू, नाक!" कोकिळानं तिला हातानं दूर सारलं. कोरड्या डोळ्यांनी तिनं धाकट्या बहिणीचं डोकं आपल्या छातीशी घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आता इचारलं ना," ती म्हणाली. "उगी."